दांडीची काळी सायकल सांगली-मिरजेत घ्यावी का?

सांगलीची जमीन सायकलीला हवी तशीच आहे. गणपती मंदिरापासून मिरजेच्या गांधी चौकापर्यंत नऊ-दहा किलोमीटर जायचं तर पायाला खरा जाणवेल असा चढ एकच, कृपामयीजवळचा रेल्वेपूल. तरी विश्रामबागेत कॉलेजं सुटली की गेटमधून बाहेर पडतात त्या बहुतेक पेट्रोलच्या गाड्या. यात सायकलीचा दोष किती आणि रस्त्याचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय सायकल चांगली की वाईट हे सांगताच येत नाही. म्हणून इथे दोन्ही तपासलं आहे.

सायकल कोणती, ते आधी. जुन्या घडणीची, २८ × १½ इंची चाकांची, दांड्यांच्या (केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या) ब्रेकची, एकाच गिअरची काळी सायकल. वजन साधारण २० ते २२ किलो. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा. उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर २२ इंची फ्रेम घ्या, पावणेसहाच्या वर असेल तर २४ इंची. साडी किंवा लांब कुर्ता घालून चालवायची असेल तर हीच चाकं बिनदांडीच्या लेडीज फ्रेममध्येही मिळतात, आणि चेनकव्हर पूर्ण बंद घ्यावं.

निकाल असा: रोजचं अंतर एका बाजूने पाच-सहा किलोमीटरच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. मात्र दुकानातून निघते तशी वापरू नका, आणि रस्ता निवडून चालवा.

पुढे ४४ दात आणि मागे १८ दात ही नेहमीची जोडणी. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ५० फेरे ही न दमता जमणारी चाल, त्यात ताशी सोळा किलोमीटर निघतात. राजवाडा चौकातून विश्रामबागेपर्यंतची मजल या वेगाने आरामात उरकते. सपाट रस्त्यावर यापेक्षा जास्त काही लागत नाही. प्रश्न येतो तो पुलावर आणि सिग्नलवर. दर तीस मीटरला एक मीटर वर जाणारा चढ घ्या. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो असतील तर त्या चढाला पायडलवर सरासरी वीस किलोचा दाब सतत द्यावा लागतो. मग माणूस सीटवरून उठतो, पूर्ण वजन एका पायडलवर टाकतो आणि तिथे कॉटर पिन (पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, एक्सलवर पक्का धरणारी पाचर) ढिली होते. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘कट’ असा एक ठोका ऐकू आला तर ती हीच. तशीच चालवत राहिलात तर पिनच काय, क्रँकचं भोकही मोठं होतं, आणि किरकोळ खर्चाचं काम पूर्ण क्रँकवर जातं. पिन ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडाचा भक्कम आधार द्यायला सांगा, नाहीतर हातोडीचा मार बॉटमच्या, म्हणजे क्रँकच्या एक्सलच्या, छर्ऱ्यांवर (बेअरिंगच्या गोळ्यांवर) बसतो.

यावर सगळ्यात स्वस्त आणि गुणकारी उपाय म्हणजे मागचं १८ दाती फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती) काढून २२ दाती बसवणं. पायडलवरचा दाब जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतो. सपाटीवरचा वेग थोडा घटतो, पण मिनिटाला ६० फेरे मारले तर पुन्हा सोळाच मिळतो. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागतात. चेन बसल्यावर मधोमध बोटाने वरखाली हलवून बघा, अर्धा ते पाऊण इंच खेळ हवा. त्याहून ताठ असेल तर पायडल जड लागतं, सैल असेल तर स्पीडब्रेकरवर चेन उतरते.

आता रस्ते. गणपती पेठ, हरभट रोड, वखारभाग या जुन्या भागात ही सायकल राजासारखी चालते. तिथे सायकलीसाठी वेगळी काही सोय नाही, पट्टा नाही, पाटी नाही. पण गल्ल्या अरुंद आहेत, दुकानं रस्त्याला लागून आहेत, हमाल पोती घेऊन मध्येच ओलांडतात, त्यामुळे सगळ्यांचाच वेग दहा-पंधरावर येतो. मोटारसायकलवाला आणि सायकलवाला मारुती चौकातून टिळक चौकात जवळजवळ बरोबर पोचतात. जिथे सगळे एका वेगाने चालतात तिथे सायकल सुरक्षित असते. फक्त उभ्या गाडीच्या बाजूने जाताना हाताच्या अंतरावरून जाऊ नका. चारचाकीचं दार उघडलं की मीटरभर बाहेर येतं. सव्वा मीटर जागा सोडून चाला, मागचा हॉर्न वाजवत असला तरी.

शंभर फुटी रोडवर चित्र उलटं होतं. शंभर फूट म्हणजे तीस मीटर. इतक्या रुंदीत दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचा सायकलीचा पट्टा, वर फुटपाथ आणि झाडं सहज बसतात. पण रुंदी मोकळी सोडली की वेगवान गाड्या ती खाऊन टाकतात. पंधराच्या चालीला शेजारून पन्नासची गाडी घासून जाते. सायकलीच्या वाट्याला राहते ती कडा, आणि कडेला टेम्पो, गाडे, गॅरेजमध्ये आलेल्या गाड्या. त्यांना वळसा घालायला दर वीस-तीस मीटरला मुख्य लेनमध्ये शिरावं लागतं, आणि अपघात तिथेच होतात. रस्ता रुंद केल्यानं सायकलवाल्याचं भलं झालं असं कुणी म्हणत असेल तर त्याने संध्याकाळी सहाला तिथे सायकल चालवून बघावी.

सांगली-मिरज रस्त्यावर दुसरी अडचण, दुभाजक. समजा समोरच्या बाजूला जायचं आहे आणि दुभाजक फुटलेला आहे तो चारशे मीटर पुढे. जाऊन परत यायला आठशे मीटर जादा. चाळीसच्या वेगाच्या मोटारसायकलला ते सव्वा मिनिटाचं काम, सायकलला सव्वातीन मिनिटांचं, तेही भर उन्हात. म्हणून शाळकरी मुलं राँग साइडने येतात. त्यांना शिस्त लावण्याच्या गोष्टी होतात, पण दुभाजकात दीड-दोन मीटरची फट ठेवून तिथे सायकल आणि पादचाऱ्यांना थांबायला जागा दिली तर ही राँग साइड मोठ्या प्रमाणात आपोआप थांबेल. सिग्नलचंही तसंच. चोवीस मीटर रुंदीचा चौक ओलांडायला सायकलीला, निघण्याचे दोन-तीन सेकंद धरून, दहा सेकंद लागतात. पिवळा दिवा तीन सेकंदांचा. हिरव्याच्या शेवटी चौकात शिरलेला सायकलवाला दुसऱ्या बाजूची गर्दी सुटते तेव्हा बरोबर मध्यावर असतो. तेव्हा पुष्पराज चौकासारख्या ठिकाणी हिरवा दिवा बराच वेळ लागलेला दिसला तर थांबा, पुढच्या फेरीला जा.

या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान करते ती डांबराची कडा. सांगलीची जमीन काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्त्याच्या मध्याला दोन्ही बाजूंनी आधार असतो, कडेला नसतो, म्हणून डांबर आधी कडेलाच तुटतं. त्यात जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला की दर खेपेला चार-पाच सेंटीमीटर उंची वाढते. दोन खेपांत कडेला तीन-चार इंचांची पायरी तयार होते आणि चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात. आपल्या टायरची रुंदी चाळीस मिलिमीटर. चाक एकदा त्या पायरीवरून खाली उतरलं आणि तुम्ही तिरकं, हलकेच हँडल वळवून पुन्हा वर चढायला गेलात, तर टायरची बाजू कडेला घासत पुढे सरकते, चढत नाही, आणि सायकल उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला पडते. हे फार धोकादायक आहे आणि मुलांना मुद्दाम शिकवण्यासारखं आहे: खाली उतरलात तर खालीच राहा, वेग कमी करा, मागे बघा, आणि मग जवळजवळ काटकोनात चढा. जमत नसेल तर उतरून चढवा.

गटाराच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने बसवले असतील तर त्या फटीत हेच टायर अडकू शकतं. गज आडवे बसवणं हे काम जाळी बसवणाऱ्यासाठी तितकंच सोपं आहे. कुणीतरी सांगायला हवं.

स्पीडब्रेकरचं माप इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटीमीटर. असा स्पीडब्रेकर सायकल सीटवर बसून पार करते. प्रत्यक्षात कॉलन्यांत मिळतात ते अर्धाच मीटर रुंद, पण उंची तीच दहा सेंटीमीटर, असे सिमेंटचे उभे बांध. त्यावर मागच्या चाकाच्या तारा जातात, आणि बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या. कारण फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताठ ओढलेल्या असतात. एक तार तुटली की शेजारच्या दोघींवर ताण येतो आणि चाकाला आउट येतो, म्हणजे ते डुलत, वाकडं फिरतं. आठवड्याच्या आत आउट काढून घ्या. उजवी तार घालायला फ्रीव्हील उतरवावं लागतं, म्हणून त्याच वेळी हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) ग्रीसही भरून घ्यावं. चालवताना बांध आला की दोन्ही पायडल एका पातळीत आणा, सीटवरून बोटभर उठा, गुडघे सैल सोडा. टायरमध्ये हवा ४० ते ५० पौंड ठेवा. कमी हवेत ट्यूब रिमवर चेपून दोन समांतर भोकं पडतात, आणि लोक काचेला दोष देतात.

ब्रेक हा या सायकलीचा सगळ्यात कच्चा भाग, आणि इथे कारण रस्ता नाही. दांड्याचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला रबर दाबतात, रिम स्टीलची, आणि ओल्या स्टीलवर रबर धरत नाही. पावसात थांबायला लागणारं अंतर कोरड्याच्या कितीतरी पट होतं. नवी सायकल घेतल्या दिवशी मूळ रबरं काढून जरा मऊ, चांगल्या प्रतीची घाला, रबर आणि रिममध्ये तीन मिलिमीटर फट ठेवा, गंज रॉकेलच्या फडक्याने पुसा, तेलाचा थेंब रिमपर्यंत जाऊ देऊ नका. पावसात चौक यायच्या बराच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या, मग जोरात दाबा. दांड्यांचे नट बांधांच्या धक्क्यांनी सैल होतात. रविवारी एकदा पान्याने बघायचे.

जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली स्वस्त गिअरची सायकल मुलांना आवडते, पण इथे ती तोट्याची. स्प्रिंग पायाचा जोर खाते, आणि गाठींच्या टायरला काळा चिखल असा भरतो की चाक फिरेनासं होतं. काळ्या सायकलीचं मडगार्ड उंच असतं, चिखल वाळायच्या आत काडीने काढला की झालं. कॅरिअरवर वीस-पंचवीस किलो खुशाल न्या. हळदीचं पोतं ठेवलंत तर मागचा एक्सल वाकेल.

अशाच सरळ बसायच्या, बिनगिअरच्या वा दोन-तीन गिअरच्या, पूर्ण चेनकव्हरच्या सायकली नेदरलँड्समध्ये लोक कामावर नेतात. तिथली जमीनही आपल्यासारखीच सपाट. फरक इतकाच की तिथे वेगवान रस्त्यापासून सायकलीचा पट्टा वेगळा काढला आहे आणि गल्ल्यांत गाडीचा वेग खाली आणला आहे. आपल्याकडे त्यातलं दुसरं गणपती पेठेत आधीच आहे, पहिलं शंभर फुटीवर करायला जागा आहे. लावायच्या जागेचंही बोलायला हवं: एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात, पण बाजारात सायकल बांधायला साधी लोखंडी कमान सापडत नाही. मागच्या चाकाचं रिंगलॉक पुरेसं नाही, सायकल उचलून नेता येते. फ्रेममधून जाणारी साखळी ठेवा.

पुराचं शेवटी, कारण सांगलीत ते टळत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी वाढतंय असं कळलं की सायकल माळ्यावर किंवा गच्चीवर टाका, बावीस किलो दोघांना जड नाही. बुडालीच, तर बाहेर काढल्यावर लगेच चालवू नका. गाळ बारीक असतो, छर्ऱ्यांत शिरून ग्राइंडरसारखं काम करतो. स्वच्छ पाण्याने धुवा, फ्रेम उलटी करून सीटच्या नळीतलं पाणी काढा, मग दोन्ही हब, बॉटम आणि हँडलचे कप उघडा. पुढच्या हबमध्ये एका बाजूला ३/१६ इंची दहा, मागच्यात पाव इंची नऊ छर्रे असतात. सगळे नवेच घाला, जुने पुसून घालू नका. कोन (एक्सलवरचे शंकूसारखे नट) आवळताना चाक अडकू नये आणि डुलूही नये. शेवटी चाक उचलून फिरवा आणि चिमट्याला (चाक धरणाऱ्या फोर्कला) कान लावा. खरखर ऐकू आली तर गाळ अजून आत आहे, पुन्हा उघडा.