बोरू, टाक की पिसाचं पेन?

मोडी किंवा सुलेखन शिकायचं मनात आलं की वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: ऑनलाइन दिसतं ते पिसाचं पेन मागवू का? देवनागरी किंवा मोडी लिहिणार असाल तर बोरूच, म्हणजे टोक तासलेली वेताची लेखणीच, घ्या. बारीक, झोकदार इंग्रजी वळण हवं असेल तर टाक, म्हणजे दांडीला निब खोचून शाईत बुडवून लिहायचं पेन. पिसाचा नंबर शेवटी.

त्या शोभिवंत खोक्यांत येतं ते बहुतेक वेळा टाकच असतं. टोकाला पोलादी निब खोचलेली, पीस नुसतं मिरवायला. त्यापेक्षा साधी लाकडी दांडी आणि सुट्या निबा घ्या.

खऱ्या पिसाचं प्रकरण निराळं. युरोपात मुख्यतः हंसाच्या (इंग्रजीत ‘गूज’) पंखांतली मोठी पिसं वापरत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस बरं पडे, कारण त्याचा बाक हातावरून बाहेरच्या बाजूला जातो. गरम वाळूत ठेवून पिसाची नळी कडक करायची, मग टोक तासून चीर द्यायची. बोटांत येणारे तंतू तर काढूनच टाकत; सिनेमातला तो डुलणारा तुरा दिवसभर खर्डेघाशी करणाऱ्याच्या कामाचा नव्हता. टोक लवकर मऊ पडतं, म्हणून चाकू कायम हाताशी. १८२०च्या दशकात बर्मिंगहॅमला यंत्रावर पोलादी निबा ढिगाने निघू लागल्या आणि पीस मागे पडलं. घरात मोरपीस आहे, ते चालेल का? नाही. ते वहीतच ठेवा.

बोरूची खरी गंमत त्याच्या कापात आहे. देवनागरीसाठी जीभ, म्हणजे लिहायचं टोक, रोमनच्या उलट बाजूला तिरकी कापतात. इंग्रजी कॅलिग्राफीची निब आणून सरळ ‘क’ काढायला बसलात तर जाड हवं तिथे बारीक येतं. वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरातल्या, म्हणजे तिथल्या हस्तलिखित संग्रहातल्या, जुन्या पोथ्यांसारखं ठसठशीत अक्षर या कापाशिवाय साधत नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. रुळलेला बोरू तिथे सरसर पळतो. शाई मात्र थोडीच धरतो, दर दोन-चार शब्दांनी बुडवावा लागतो. दौतीत कापसाचा बोळा टाका, म्हणजे टोकाला बेताचीच शाई लागते.

फाउंटन पेनची शाई बोरूला पातळ पडते, हातकागदावर फुटते. इंडियन इंक, म्हणजे दाट काळी शाई, घ्या, पण ती चुकूनही फाउंटन पेनात भरू नका. वाळली की पेन तुंबलंच.