‘सूर्यमित्र’च्या नावाने फी मागितली, तर एक रुपयाही भरू नका

सूर्यमित्र हा सौर पॅनल बसवण्या-दुरुस्तीचं काम शिकवणारा केंद्र सरकारचा प्रशिक्षण कार्यक्रम. गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था तो २०१५ पासून राबवते. कोर्स ६०० तासांचा आणि उमेदवाराला मोफत. तरीही एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्राने आयटीआय झालेल्या पोरांकडून आधी ‘नोंदणी’, मग ‘टूलकिट’, शेवटी ‘परीक्षा शुल्क’ असे पैसे उकळले. आधीचे बुडू नयेत म्हणून घरचे पुढचे भरत गेले. पावती नाही, पैसे एका माणसाच्या यूपीआयवर.

पैशांपेक्षा मोठं नुकसान शिकवण्यात झालं. प्रात्यक्षिक म्हणजे बारा व्होल्टचं एक पॅनल, बॅटरी आणि बल्ब. प्रत्यक्षात छतावर साडेपाचशे वॅटची दहा पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेली असली की जवळपास ५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) तयार होतो. इन्व्हर्टर बंद न करता, आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) न पाडता चालू लोडवर एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या तारा जोडणारा प्लग, उपसला की आर्क (विजेची सलग ठिणगी) पेटतो आणि सहजी विझत नाही. घरातल्या विजेचा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याचा आर्क विझू शकतो; डीसी शून्यावर येत नाही. तिथून बाहेर पडलेल्या एका मुलाला हे हात भाजल्यावर कळलं. कनेक्टरही क्रिम्पिंग टूल या खास दाबयंत्राऐवजी साध्या पकडीने दाबायला शिकवले होते. असा जोड सुरुवातीला चालतो, पण आतली तार सैल असल्याने रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो, उन्हाळ्यात कनेक्टर तापून वितळतो आणि ठेकेदार पोरालाच धरतो.

फी घेणारे खासगी कोर्स सगळेच खोटे नसतात. पैसे देण्याआधी वर्कशॉप बघा: इन्व्हर्टरला जोडलेली चालू स्ट्रिंग (पॅनलची माळ), डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, तारांचं इन्सुलेशन तपासणारा मेगर, अर्थ टेस्टर, उंचीवर बांधायचा सेफ्टी हार्नेस. शिकवणाऱ्याला विचारा, अर्थिंगचे खड्डे किती? डीसी, एसी आणि लाइटनिंग अरेस्टर (वीजरोधक) यांची वेगवेगळी अर्थिंग त्याने न अडखळता सांगायला हवी.

कोर्स सरकारमान्य आहे म्हणत असतील तर क्वालिफिकेशन कोड (कोर्सचा सरकारी क्रमांक) मागा आणि स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर स्वतः शोधा. त्यांनी दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. ‘कोर्ससोबत वायरमन लायसन्स’ हीदेखील थाप. तो परवाना राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडूनच मिळतो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, व्यवहार क्रमांक आणि चॅट जपून ठेवा. केंद्रवाले ‘आठ दिवसांत परत करतो’ म्हणतात. तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यांत गेलेली असते, आणि मग ती गोठवणं अवघड होतं.