फ्लोट युनिट बदलून आठ महिने झाले: जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा

गाडी 2003 सालची, वडिलांनी घेतलेली. टाकी फुल्ल केली तरी काटा पाऊणच्या वर जात नसे. अर्ध्यावर आला की एकदम तळाला पडे, खड्ड्यात आपटली की पुन्हा वर. हे इतकं अंगवळणी पडलं की टाकी खरंच रिकामी होत आली तेव्हाही मी काट्याकडे लक्ष दिलं नाही. सासवडला जाताना दिवे घाटात गाडी बंद पडली. शेजारी आई, मागे ट्रकांची रांग. फार वाईट वाटलं.

गॅरेजवाल्याने अख्खं मीटर बदलायला सांगितलं. ते करण्याआधी घरी एक तपासणी केली, आणि ती प्रत्येकाने करावी. मागच्या सीटखालचं झाकण काढलं. टाकी बंदच ठेवून, चावी बंद असताना फ्लोटची (टाकीत पेट्रोलवर तरंगून काट्याला पातळी कळवणाऱ्या युनिटची) वायर सुटी करून बॉडीला जोडली, मग चावी फिरवली. काटा सावकाश चढत फुल्लला गेला. (काही गाड्यांत तो उलट रिकाम्यावर जातो.) म्हणजे मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीकडे.

आधी फ्लोट युनिटचं अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेली जोडणी, पाहिलं. स्क्रूखाली गंज होता. घासून घट्ट केल्यावर फुल्ल टाकी फुल्लच दिसू लागली. खर्च शून्य! अर्ध्यावरची पडझड मात्र तशीच राहिली. मग टाकीत पेट्रोल कमी असताना, बॅटरी काढून, उघड्यावर युनिट बाहेर काढलं. दूर नेऊन मल्टिमीटर लावला आणि फ्लोटची दांडी हळूहळू उचलली. मधोमध आल्यावर रीडिंगच गायब. दांडीबरोबर संपर्क जिच्यावर सरकतो, ती पट्टी रोज घासून तिथे झिजली होती.

नवं युनिट नाना पेठेत मिळालं. जुनं कोरडं करून सोबत न्या. दांडीची लांबी आणि वाक तंतोतंत जुळायला हवा, नाहीतर काटा पुन्हा चुकीचंच दाखवेल. मी पैसे वाचवायला युनिट आणि टाकीच्या मधली जुनीच रबर रिंग बसवली, ती चूक झाली. दोन दिवस गाडीत पेट्रोलचा वास येत होता. नवी रिंग लावल्यावर थांबला. यात काटकसर अजिबात करू नका.

आठ महिन्यांत, अख्ख्या पावसाळ्यासकट, काटा एकदाही पडलेला नाही. पावच्या खाली तो जरा लवकर उतरतो, म्हणून तिथे आला की मी पंपावर वळतो. घाटात चढावर पेट्रोल मागे सरकतं, त्यामुळे काटा हलतो. सपाटीवर आल्यावर जागेवर येतो. गेल्या महिन्यात आईला घेऊन त्याच घाटातून सासवडला जाऊन आलो.