आठ महिने वापरलेलं कॅड, आणि आयएसओ-25 मधला तो स्वल्पविराम

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं तीन लेथ आणि एका मिलिंगचं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग मीच काढतो. दरवर्षी भाडं भरायचं परवडेना म्हणून आठ महिन्यांपूर्वी एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं, डीडब्ल्यूजी (ड्रॉइंगच्या) फायली उघडणारं स्वस्तातलं कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, घेतलं. नाव देत नाही, कारण पुढचं सगळं अशा बहुतेक कॅडना लागू पडतं. लाईन, ट्रिम, लेअर, प्लॉट यांबद्दल काहीच तक्रार नाही. जुना कॉम्प्युटरही ते आरामात ओढतो.

रडवलं ते डायमेन्शन स्टाईलनं, म्हणजे ड्रॉइंगवरची मापं कशी दिसावीत हे ठरवणाऱ्या सेटिंगनं.

गेल्या महिन्यात 90 मिमी लांबीच्या बुशची (पोकळ नळीसारख्या भागाची) ऑर्डर होती. एका टोकाला काउंटरबोअर, म्हणजे भोकाचं तोंड रुंद करून केलेला खाचा, खोली साडेसहा मिमी. ड्रॉइंगवर 6,5 असं आलं होतं. ए3 वर प्रिंट काढली, खाली द्यायला ए4 वर झेरॉक्स मारली. सकाळी येऊन बघतो तर बारा नग 65 खोल! मी आवाज चढवला. टर्नरनं तेलकट कागद माझ्यापुढं धरला, "मालक, हितं पासष्टच दिसतंय की ओ." कागद उजेडात धरला. स्वल्पविरामाची शेपटी 6 च्या बुडाला चिकटली होती, मधली जागा बुजली होती. पासष्टच दिसत होतं. त्या माणसाची काही चूक नव्हती. मटेरियल आमचं गेलं, रात्रीची पाळी गेली.

मिलिमीटरचं टेम्प्लेट उघडलं की आयएसओ-25 नावाची स्टाईल तयारच मिळते, आणि तिच्यात दशांशासाठी बिंदूऐवजी स्वल्पविराम असतो. युरोपातली ही पद्धत. नियमानं चूकही नाही. वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 2003 साली बिंदू आणि स्वल्पविराम दोन्ही चालतील असं ठरवलंय. पण आपल्याकडं स्वल्पविराम हजार-लाखांचा. 1,25,000 लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या माणसाला 6,5 दाखवायचं म्हणजे फसवायचंच. टर्नर कानडी बोलणारा असो की मराठी, शाळेत दोघंही दशांशासाठी टिंबच शिकलेत.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "स्टाईल सेटिंग ट्रेनिंगमध्ये येतं, दिवसाचे चार हजार." एका टिंबासाठी चार हजार! फोन ठेवला आणि डिमडीसेप ही दशांशचिन्ह बदलायची कमांड टाईप करून स्वतःच बिंदू दिला. नवीन डायमेन्शन बिंदूत आलं, जुनी सगळी स्वल्पविरामातच. मधे दुसरी स्टाईल घेऊन परत आयएसओ-25 वर आलो, तर बिंदूही गायब. दोन दिवस मी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या.

इथं माझं मत बदललं. खोट सॉफ्टवेअरची नव्हती. कमांड लाईनवर डिमडीसेप किंवा डिमटीएक्सटी (अक्षरांची उंची) बदललं की मूळ स्टाईल बदलत नाही, तिच्यावर तात्पुरता ओव्हरराइड, म्हणजे वरवरचा बदल, चढतो. डिमस्टाईल कमांडनं उघडणाऱ्या खिडकीत स्टाईलच्या नावाखाली ‘स्टाईल ओव्हरराइड्स’ अशी ओळ दिसते, ती मी कधी वाचलीच नव्हती. दुसरी स्टाईल निवडली की तो ओव्हरराइड जातो. बदल कायमचा हवा असेल तर मॉडिफायमध्ये जाऊन करा, नाहीतर त्या ओळीवर राईट क्लिक करून सेव्ह टू करंट स्टाईल द्या. मग त्या स्टाईलची जुनी डायमेन्शनंही आपोआप बदलतात. हातानं वेगळं केलेलं एखादं राहिलं, तर डायमेन्शन अपडेट मारावं लागतं.

तरीही आयएसओ-25 दुरुस्त करून वापरू नका. कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाची फाईल आली, तिच्यातही आयएसओ-25, पण त्यांनी बिंदू लावलेला. त्यांचा भाग कॉपी करून माझ्या जुन्या फायलीत पेस्ट केला, आणि त्यांचे बिंदू माझ्या डोळ्यांदेखत स्वल्पविराम झाले. नाव एकच असलं की ज्या फायलीत पेस्ट करता तिथली व्याख्या चालते. उलट दिशेनंही हेच होणार. म्हणून मी ‘उद्यमबाग-मिमी’ नावाची वेगळी स्टाईल केली, तीच करंट ठेवून डीडब्ल्यूटी टेम्प्लेट, म्हणजे नवीन ड्रॉइंग सुरू करायची कोरी फाईल, सेव्ह केलं.

त्या स्टाईलमध्ये अक्षरांची उंची 3.5 ठेवलीय. ए3 ची ए4 केली की सगळं 0.707 पट होतं, म्हणजे 3.5 चं साधारण 2.5 उरतं, आणि लेथवर उभ्या माणसाला ते वाचता येतं. 2.5, 3.5, 5, 7 ही अक्षरांची मापं याच हिशोबानं ठरलेली आहेत. आधी 2.5 होतं, झेरॉक्समध्ये 1.77 उरायचं, तिथंच घात झाला. हे बदलतानाही एक तास गेला. 3.5 टाकलं तरी अक्षर हलेना. टेक्स्ट स्टाईलमध्ये उंची 2.5 पक्की लिहून ठेवली होती, आणि तिथं शून्य नसेल तर डायमेन्शनची उंची कोणी विचारत नाही. तिथं शून्य करा.

0.5 मधलं सुरुवातीचं शून्य लपवायचा पर्याय बंदच ठेवा. नुसतं .5 लिहिलं आणि टिंब उडालं की 5 उरतं. फॉन्टही बदलला, कॅडच्या रेघी एसएचएक्स फॉन्टचं टिंब फारच बारीक येतं. एरियलचं जाड चौकोनी टिंब झेरॉक्समध्ये टिकतं. खालच्या सूचनांना निर्मला यूआय लावला, मराठी आणि कानडी दोन्ही ओळी एकाच फॉन्टमध्ये बसल्या. रात्रपाळीच्या पोरांना याचा फार उपयोग झाला.

तर घ्यावं का? घ्या. पैसे वसूल आहेत. फक्त पहिलं ड्रॉइंग काढायच्या आधी अर्धा दिवस बसून स्वतःची स्टाईल करा, एक नमुना प्रिंट काढा, तिची झेरॉक्स मारा आणि मशीनवरच्या माणसाला वाचायला लावा. मी हे आठव्या महिन्यात केलं. जुन्या चाळीसेक फायली राहिल्यात, दर रविवारी चार-पाच उघडून नवी स्टाईल लावतोय. सपोर्टचं नूतनीकरण मात्र करणार नाही.