किगालीचे गहांगा क्रिकेट मैदान: इमारत देखणी, खेळपट्टी मोलाची

रवांडाची राजधानी किगालीच्या दक्षिणेला गहांगा येथे ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेले हे मैदान बहुतेकांना ठाऊक असते ते त्याच्या पॅव्हिलियनच्या छायाचित्रांमुळे. स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या, भट्टीत न भाजलेल्या पातळ फरशांच्या तीन कमानी टप्पे घेत जाणाऱ्या चेंडूच्या मार्गाप्रमाणे उभारल्या आहेत आणि त्या खरोखरच सुंदर आहेत. तरीही क्रिकेट रुजवण्याची सोय म्हणून या जागेला गुण द्यायचे झाले, तर मी ते आधी मधल्या बावीस यार्डांना देईन.

१९९४ च्या नरसंहारानंतर युगांडा, केनियासारख्या देशांतून परतलेल्यांबरोबर हा खेळ रवांडात आला आणि विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये त्याची संघटना स्थापन झाली. मात्र त्यानंतर अनेक वर्षे किचुकिरो येथील कृत्रिम पट्टीवरच सारे भागवावे लागले. अशा पट्टीवर चेंडू बऱ्याच अंशी ठरावीक उसळी घेतो. नैसर्गिक हिरवळीच्या खेळपट्टीवर तो कधी खाली राहतो, कधी थांबून येतो, हे मग फलंदाजाच्या अंगवळणी पडत नाही. ते शिकण्याची जागा गहांगाच्या अशा खेळपट्टीने दिली. तिच्यासाठी निधी जमावा म्हणून राष्ट्रीय संघाचा कर्णधार एरिक दुसिंगिझिमाना याने २०१६ मध्ये नेटमध्ये सलग ५१ तास फलंदाजी केली. त्याने मोडलेला ५० तासांचा विक्रम पुण्यात झालेला होता, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

फळ दिसायला फार काळ लागला नाही. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या १९ वर्षांखालील मुलींच्या पहिल्या विश्वचषकात रवांडाने झिम्बाब्वेला आणि पुढे वेस्ट इंडिजला हरवले. झिम्बाब्वेविरुद्ध हेन्रिएट इशिम्वे हिने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले. सारे श्रेय मैदानाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण शाळाशाळांतून प्लास्टिकची बॅट आणि मऊ चेंडू घेऊन फिरणाऱ्या प्रशिक्षकांशिवाय या मुली इथवर पोहोचल्याच नसत्या.

उणीव जाणवते ती याच दोन टप्प्यांच्या मध्ये. प्लास्टिकच्या बॅटवरून चामड्याच्या चेंडूकडे जाताना पॅड, हातमोजे, हेल्मेट असे सारे महागडे आयात साहित्य लागते, तर शेजारच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला एक चेंडू पुरतो. किगालीबाहेरच्या जिल्ह्यांत हिरवळीची एखादी साधी खेळपट्टी तयार होणे मला आणखी एका देखण्या पॅव्हिलियनपेक्षा अधिक निकडीचे वाटते. शिवाय खेळपट्टीला विश्रांती द्यावी लागते, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा वाढल्या की स्थानिक मुलांच्या वाट्याचे दिवस आकसण्याचा धोका असतोच.

पाहुण्यांनी मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ टाळावा. नरसंहारातील बळींच्या स्मरणार्थ २०१४ पासून होणारी महिलांची क्विबुका स्पर्धा साधारणतः जूनमध्ये, कोरड्या हवेत भरते. प्रवास तिच्या वेळापत्रकाप्रमाणे आखावा, आणि पॅव्हिलियनची छायाचित्रे झाली की सामना गवताच्या उतारावर बसून पाहावा.