निर्मिती स्वतः ओढायची की लाइन प्रोड्यूसर ठेवायचा?

इंदूरात बसून मराठी फिल्म करायची म्हटलं, की पैसे कसेबसे जमल्यावर हा प्रश्न येतोच. मी दोन्ही करून बघितलंय. पहिल्या फिल्मची निर्मिती आणि दिग्दर्शन दोन्ही माझ्याकडेच होतं. दुसरीला इंदूरचाच एक लाइन प्रोड्यूसर घेतला, म्हणजे शूटचा रोजचा खर्च, परवानग्या आणि धावपळ सांभाळणारा माणूस.

स्वतः करण्यात मजा आहे, खोटं कशाला बोलू. रुपया कुठे गेला ते कळतं. ओळखीपाळखीनं कामं होतात. मावशींच्या जुन्या वाड्यात आम्ही तीन दिवस फुकट शूट केलं, वर पोहे-जिलबी त्यांचीच. असल्या वेळी लोक फाळक्यांचा दाखला देतात, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्या माणसानं सिनेमा उभा केला म्हणून. बरोबर आहे. पण त्यांच्या घरात सरस्वतीबाई होत्या. युनिटचं जेवण त्यांनी बघितलं, फिल्मही धुतली. माझी बायको बँकेत आहे आणि आमचं शूट मार्चमध्ये होतं.

आता खरं दुखणं सांगतो. महेश्वर, इंदूरपासून 90 एक किलोमीटर. घाटावर संध्याकाळचा शेवटचा शॉट. नर्मदेवर उजेड जेमतेम दहा मिनिटांचा उरलेला, नट पायरीवर बसलेला, मी मॉनिटरसमोर. तेवढ्यात जनरेटरवाला खांद्याशी येऊन उभा: ‘‘भिया, डीजल के पैसे?’’ म्हटलं, शॉट होऊ दे. तो हलेना. यूपीआय फिरत राहिलं, नोटा गाडीत, गाडीची किल्ली ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हर चहाला. पैसे दिले तोवर पाणी काळं झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्या एका शॉटसाठी होडी, हॉटेल, जेवण, सगळं पुन्हा. चूक जनरेटरवाल्याची नव्हतीच, त्यानं दुसरं कोणाकडे जायचं होतं?

बाकी अडचणी सोसता येतात, पण दिग्दर्शकाच्या खांद्याशी कोणी डिझेलचे पैसे मागायला येणं मला सोसलं नाही.

लाइन प्रोड्यूसरचे तोटेही आहेत. त्याची फी छोट्या बजेटला बोचते. ‘हो जाएगा’ हा त्याचा ठरलेला जप, त्यातलं काय खरंच होणार ते अनुभवानंच कळतं. टक्केवारीवर ठरवू नका, असं मला वाटतं, कारण खर्च वाढला की त्याची कमाई वाढते. मी ठोक रक्कम ठरवली. शेवटचा हप्ता सगळी बिलं हातात आल्यावर, हे आधीच लिहून घेतलं.

बिलांचं एवढं का, तर मध्य प्रदेशच्या फिल्म पर्यटन धोरणातलं अनुदान आगाऊ हातात पडत नाही. फिल्म पुरी करून खर्चाचे कागद दाखवावे लागतात. पहिल्या फिल्मची माझी बिलं म्हणजे सिगारेटच्या पाकिटांवरचे हिशोब. सीएनं ते बघून फक्त चष्मा काढून ठेवला.

आणि एक घोडा. दुसऱ्या पटकथेत वरातीचा घोडा होता. पहिल्याच वाचनाला लाइन प्रोड्यूसर म्हणाला, ‘‘दादा, घोडा हवाच का?’’ पडद्यावर जनावर दाखवायचं तर पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी लागते, नाहीतर सेन्सॉरला गाडं अडतं. मंडळाचं ऑफिस हरियाणात बल्लभगढला. मला याचा पत्ताच नव्हता. नवरदेव स्कूटरवरून आला आणि सीन जास्त हसवून गेला.

मात्र निर्माता म्हणून नाव आपलंच ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता निर्माता धरलाय, दिग्दर्शक नाही. लेखक, संगीतकार, नट यांचे करार आपल्या नावावर आणि आपल्या कपाटात. धावपळ त्याची, सही आपली.

दोन दिवसांची शॉर्ट फिल्म असेल, मित्रच युनिट असेल, तर फी कशाला द्या? स्वतःच करा, शिकायला मिळतं. पण आठवड्याच्या वर शूट असेल आणि दिग्दर्शनही तुम्हीच करणार असाल, तर माझ्यापुरतं उत्तर ठरलंय.

सध्या तिसरी लिहितोय. घोडा परत आलाय. लाइन प्रोड्यूसरला अजून सांगितलेलं नाही.