लाउटरब्रुनेनची दरी: शिखराचं तिकीट सगळ्यात शेवटी

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन म्हणजे युंगफ्राउयोखला (शिखरांमधल्या खिंडीतलं, बर्फातलं रेल्वे स्टेशन) जाताना गाडी बदलायचं स्टेशन, एवढंच असतं. आपल्या आपण जाणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा. दरीला दोन-तीन दिवस द्यावेत आणि शिखराचं तिकीट सगळ्यात शेवटी, आकाश बघून काढावं. स्वित्झर्लंडमध्ये बर्फाची शिखरं बऱ्याच ठिकाणी दिसतात. पण दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचे उभे कडे आणि त्यांवरून कोसळणारे ७२ धबधबे, हे फक्त इथे आहे.

इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेनला रेल्वेने साधारण २० मिनिटं लागतात. पहिला घोटाळा इथेच होतो. त्स्वायल्युचिनेनला गाडीचे दोन भाग होतात, एक लाउटरब्रुनेनला जातो आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. फलाटावरच्या पाटीवर कोणते डबे कुठे जाणार ते लिहिलेलं असतं आणि डब्यावरही असतं. ते वाचूनच चढावं.

गावात शिरल्यावर समोर दिसतो तो श्टाउबबाख धबधबा. उंची २९७ मीटर, आणि पाहायला पैसे पडत नाहीत. उन्हाळ्यात कड्यात खोदलेल्या वाटेने पाण्याच्या मागे जाता येतं, तरी त्यासाठी फार आटापिटा करू नये. आतून पाण्याचा पातळ पडदा दिसतो, खरी उंची कळते ती खालच्या रस्त्यावरून. हा कडा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे ऊन सकाळी मिळतं, दुपारनंतर तो सावलीत जातो आणि फोटो निळसर येतात. वारा असला की पाणी जमिनीवर पोचायच्या आधीच तुषार होऊन उडतं. कोरड्या सप्टेंबरात धार इतकी बारीक होते की पोस्टकार्ड पाहून आलेल्यांची निराशा होते.

पैसे द्यायचे तर ते ट्र्युमेलबाखला द्यावेत. डोंगराच्या पोटात एकाखाली एक असे दहा धबधबे आहेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी या एकाच घळीतून खाली येतं, भर उन्हाळ्यात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. शिवाय पाण्याबरोबर दगडगोटेही येतात, वर्षाला २०,००० टनांहून जास्त. खडकाला पिळवटलेले गोल आकार आलेत ते या दगडांच्या घासण्यामुळे. सह्याद्रीतले धबधबे पावसावर चालतात, हा उन्हावर चालतो. म्हणून जून-जुलैमधल्या तापलेल्या दिवशी, दुपारी, तो सगळ्यात जोरात असतो. सकाळ श्टाउबबाखला आणि दुपार ट्र्युमेलबाखला, असा दिवस लावला तर दोन्ही चांगले मिळतात.

आत बोगद्यातून तिरकी जाणारी लिफ्ट आहे. ती मधल्या टप्प्यापर्यंत नेते. बाहेर पडल्यावर लोक गर्दीबरोबर थेट खाली उतरायला लागतात, आणि वरचे धबधबे राहून जातात. आधी पायऱ्या चढून दहाव्यापर्यंत जावं, मग पहिल्यापर्यंत पायी उतरत यावं. परत लिफ्ट धरू नये, कारण पाणी नागमोडी फिरतं तो सुंदर भाग उतरतानाच लागतो. सगळं मिळून एक तास पुरतो. पायऱ्या कायम ओल्या असतात आणि आत बाहेरच्यापेक्षा बरीच थंडी असते, त्यामुळे रेनकोट आणि रबरी तळाचे बूट हवेत. चपलांवर जाणं म्हणजे घसरण्याची तयारीच. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हा बेत सोडावा आणि व्हीलचेअर तर जातच नाही. स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे-बसचा सामाईक पास) प्रवेशासाठी चालत नाही, मात्र तिथे पोचवणाऱ्या १४१ नंबरच्या बसला चालतो. चालत गेलं तर गावापासून सपाट रस्त्याने सुमारे तीन किलोमीटर. वाटेत दोन्हीकडे कुरणं लागतात, पण फोटोसाठी त्या गवतात शिरू नये. ते गुरांचा हिवाळ्याचा चारा आहे, तुडवलं की कापता येत नाही.

कड्यावरच्या म्युरेन गावासाठी (१,६३८ मीटर) गोल फेरी करावी, आलो त्याच वाटेने परतू नये. बसने दरीच्या टोकाकडे श्टेखेलबेर्गला जावं. तिथून म्युरेनला थेट जाणारी नवी केबल कार डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा चढ १५९ टक्क्यांहून जास्त आहे, म्हणजे ४५ अंशांपेक्षाही उभा. कड्याच्या बाजूने वर जाताना पोटात गोळा येतो, पण काही मिनिटांचाच प्रश्न. गाव मोटारींशिवायचं आहे. परतताना ग्रुचआल्प या केबल कारच्या स्टेशनपर्यंत चालावं: साधारण साडेचार किलोमीटर, सव्वा तास, उताराची सोपी वाट, आणि दरीपलीकडे तिन्ही शिखरं सतत दिसत राहतात. तिथून केबल कारने थेट लाउटरब्रुनेन स्टेशनसमोर उतरता येतं. ही अख्खी फेरी स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बसते, वर एक फ्रँकही लागत नाही. म्युरेनहून पुढे शिल्टहॉर्नला (२,९७० मीटर) फिरतं रेस्टॉरंट आहे. त्याचं कौतुक मुख्यतः १९६९ च्या बाँडपटामुळे. चित्रपटाशी देणंघेणं नसेल तर ते गाळलं तरी फार काही बिघडत नाही.

दरीच्या दुसऱ्या बाजूला वेंगेन हे गाव, आणि तिथून केबल कारने मेनलिखेनचा माथा. पाच फ्रँक जास्त देऊन डब्याच्या छपरावरच्या उघड्या गॅलरीत उभं राहता येतं. हवा स्वच्छ असेल तर जरूर द्यावेत. वर पोचल्यावर क्लाइने शायडेक या खिंडीतल्या स्टेशनपर्यंतची वाट चालावी: साडेचार किलोमीटर, दीड तास, हलका उतार. याच दिशेने चालावं, कारण आयगर समोर राहतो. उलटीकडून आलं तर चढही वाट्याला येतो आणि डोंगर पाठीशी जातो. मुलांना, आजी-आजोबांना जमेल अशी ही वाट आहे, फक्त मेमध्ये तिच्यावर बर्फ असतो.

आता युंगफ्राउयोख. १८९६ ला काम सुरू होऊन १९१२ ला ही रेल्वे ३,४५४ मीटरवर पोचली. बोगदा सुमारे सात किलोमीटरचा. अभियांत्रिकी म्हणून थोर, यात वाद नाही. पण पूर्ण भावाने जाऊन-येऊन २०० फ्रँकच्या वर जातात, पासवर थोडीच सूट आहे, आणि ढग असले तर खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. म्हणून त्याच दिवशी सकाळी वेबकॅम बघून ठरवावं. दरीत ढग असूनही वर लख्ख ऊन असू शकतं, तेव्हा खोलीच्या खिडकीवर भरवसा ठेवू नये. उन्हाळ्यात दुपारी ढग चढतात, सकाळची गाडी बरी. गर्दीच्या महिन्यांत जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं. जाताना वेंगेनमार्गे रेल्वेने आणि येताना आयगर एक्सप्रेस केबल कारने ग्रिंडेलवाल्डला उतरलं की दोन्ही बाजू पाहून होतात. वर पोचल्यावर धावपळ नको. प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच मिळतो, डोकं दुखतं, मळमळतं. हळू चालावं, पाणी पीत राहावं. आलेच हिमनदी (आल्प्समधली सर्वांत लांब) वरच्या सज्जावरून दिसते. तिथे जाणाऱ्या लिफ्टला रांग असते, म्हणून पोचल्या पोचल्या आधी तेच उरकावं आणि बर्फाचा महाल नंतर पाहावा.

शाकाहाऱ्यांनी रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा तिथला पदार्थ) मागवताना आधी विचारावं, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे. ‘ओने श्पेक’ म्हटलं की त्यांच्याशिवाय देतात. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत, नळाचं आणि गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं. पिण्याचं नसेल तर तशी पाटी लावलेली असते.

शेवटचं, सुट्ट्यांचं. दिवाळीच्या सुट्टीत ही दरी ठरवू नये. ट्र्युमेलबाख नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतं, पार एप्रिलपर्यंत. त्याच सुमाराला काही केबल कार देखभालीसाठी थांबतात. एप्रिलमध्येही असंच होतं. मे महिन्यात खालचे धबधबे भरलेले असतात, वरच्या वाटा मात्र बर्फाखाली. दोन्ही हवं असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा धरावा. महाराष्ट्रात तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात, ती अडचण आहेच.